तेलाचा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे, पण माझ्या उजेडात कोणालाही कधी अभ्यास करता आला नसता. करंगळीच्या नखाएवढे लाल काचेचे टोपण आणि त्यामागे एक लहानसा बल्ब, एवढाच मी. आज मी करी रोडच्या एका चाळीत, शिवणयंत्राच्या खणात, बॉबिन आणि बटणांच्या सोबतीने राहतो. माझ्या शेजारी तेलाची एक बुधली आहे. तिची आणि माझी गोष्ट एकच आहे.

पूर्वी मी एका डिझेल ट्रकच्या डॅशबोर्डवर होतो. माझे काम समजायला सोपे आहे. इंजिनात लोखंडाचे भाग एकमेकांना लागून फिरतात. त्यांच्यामध्ये तेलाचा थर असतो, म्हणून ते झिजत नाहीत. हे तेल एक पंप दाबाने सगळीकडे पोहोचवतो. दाब पुरेसा असला की इंजिनावर बसवलेले एक बटण माझी वीज तोडते. दाब घसरला की तेच बटण वीज जोडते आणि मी पेटतो. रोज चावी फिरवली की मी लागायचो आणि इंजिन सुरू होऊन तेल चढले की विझायचो. इतर दिव्यांचे कौतुक ते लागल्यावर होते. माझे कौतुक मी विझल्यावर व्हायचे.

मला एका कारखान्यात बायकांनी जोडले. त्यांतल्या एकीने मला बॅटरीला लावून पाहिले, मी लागलो, आणि "हा शहाणा आहे," असे म्हणून तिने मला पेटीत टाकले. मी पहिल्यांदा ऐकलेली स्तुती तीच.

माझा ट्रक कॉटन ग्रीनच्या गोदामांतून कापसाच्या गाठी उचलायचा आणि लालबाग-परळच्या गिरण्यांत नेऊन टाकायचा. जगन नावाचा चालक होता. गाठी उतरेपर्यंत केबिनमध्ये इतके तंतू उडायचे की सगळे घड्याळ-काटे पांढरे दिसायचे. जगन शर्टाच्या बाहीने आधी मला पुसायचा आणि मग स्वतःचा चेहरा. "तू दिसलास म्हणजे झालं," म्हणायचा. ती वर्षे चांगली गेली.

मग संप झाला. गिरण्या थांबल्या, गाठी थांबल्या, आणि ट्रकही एका भिंतीच्या कडेला उभा राहिला. जगन गावी गेला. चावी फिरवायला कोणी येईना. मित्रांनो, माझ्यासारख्या दिव्याला पेटण्याचे दुःख नसते. कोणी चावीच फिरवत नाही, याचे असते.

संप कधी संपला हे कोणी सांगितले नाही. तो संपल्याचे जाहीरही झाले नाही असे म्हणतात. एवढे खरे, की एके सकाळी केबिनचे दार उघडले आणि एक सडपातळ माणूस आत चढला. त्याने चावी फिरवली. बॅटरी मेलेली होती, तरी माझ्यात निखाऱ्याएवढी धुगधुगी आली. तो वाकून माझ्याकडे पाहत म्हणाला, "जागा आहेस म्हणायचा!"

तो गणपत. गिरणीत तो चात्यांना तेल घालायचा. सूत कातणाऱ्या त्या चात्या भिंगरीसारख्या फिरत, आणि त्यांना वेळेवर तेल मिळाले नाही तर सूत तुटत असे. चिमटीत तेल चोळून ते कसले आहे हे सांगणारा माणूस म्हणून खात्यात त्याचे नाव होते. गिरणी पुन्हा उघडली नाही. गावच्या घरातला आपला हिस्सा भावाच्या नावे करून, त्याच्याकडून मिळालेल्या पैशांत त्याने हा ट्रक घेतला होता. मागे परतायला आता गावात घर नव्हते. पुढे जायला हा ट्रक होता.

गणपतला काम दिले ते तुळसाने. कफ परेडच्या मच्छीमार नगरातली ही कोळीण मासळी विकणाऱ्या बायकांची पुढारी होती. ससून डॉकवरून मासळीच्या पाट्या भरायच्या आणि सकाळच्या बाजारासाठी दादरला पोहोचवायच्या, असे काम होते. बायका मागे पाट्यांजवळ बसत. तुळसा पुढे, गणपतच्या शेजारी. ती डोळ्याला डोला म्हणे, आणि मला 'लाल डोला'. चावी फिरली की मी लागायचो, विझायचो, आणि ती म्हणायची, "डोला मिटला. चल."

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि मासेमारी बंद असते. ट्रक मग करी रोडच्या गल्लीत उभा राहायचा. एका पावसाळ्यात गणपत दारूखान्याच्या भंगारबाजारात टायर शोधायला गेला आणि टायरऐवजी एक पिंप घेऊन आला. ते त्याच्या गिरणीचे होते. गिरणीचा माल विकला गेला तेव्हा ते तिथे पोहोचले असावे. झाकणावर गिरणीचे नाव होते आणि आत चात्यांचे तेल होते, सीलबंद, स्वच्छ, जवळजवळ पाण्यासारखे.

त्याची बायको शेवंती संपानंतर घरी शिवणकाम करत असे. ती खाली आली.

"अहो, हे एवढं तेल कशाला?"

"ट्रकला." गणपत पिंपावरून हात फिरवत होता. "शेवंते, ह्या तेलावर चाती किती जोरात फिरायची ठाऊक आहे? आवाज नाय, धग नाय. इंजिन काय, त्याच्यापुढे म्हातारं."

त्याने इंजिनातले जुने तेल काढले आणि हे भरले. एका हाताने तो नरसाळ्यात मगाने तेल ओतत होता आणि दुसरा हात, प्रसाद वाढताना धरतात तसा, खाली धरला होता, एक थेंब रस्त्यावर पडू नये म्हणून. शेवंतीने आपल्या मशीनसाठी बुधलीभर तेल मागून घेतले.

नारळी पौर्णिमा जवळ आली. त्या दिवशी कोळी समुद्राला नारळ देतात आणि मग होड्या पाण्यात जातात. बर्फाच्या पेट्या आधीच डॉकवर नेऊन ठेवायच्या होत्या. गणपत निघाला. सकाळी इंजिन थंड होते तेव्हा मी शहाण्यासारखा विझलो. पण परतताना लालबागला गर्दीत ट्रक थांबला, इंजिन तापून हळू चालत होते, आणि मी पेटलो.

गणपतने माझ्या काचेवर टिचकी मारली. "ए, काय झालं तुला?"

त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. मी विझलो. त्याने पाय काढला. मी पुन्हा पेटलो.

दुसऱ्या दिवशी तसेच. गणपतने तेलाची पातळी पाहिली, ती बरोबर होती. मग त्याने आपला मेहुणा रघु याला बोलावले. रघु लालबागला बॅटऱ्या आणि वायरिंगची कामे करत असे आणि त्याला प्रत्येक गोष्टीत वायरिंग दिसत असे.

"भावजी, तेल फुल्ल आहे ना? मग टेन्शन कशाला घेता? मासळीचं खारट पाणी गळून गळून वायर सडली असेल. पेटतो, विझतो, पेटतो. क्लिअर केस."

"मग बदल वायर."

"बदलू की. सीझन लागू दे, धंदा होऊ दे. तोवर ह्याला काढून ठेवतो. डोक्याला ताप नको." आणि त्याने माझे टोपण फिरवून मला बल्बसकट बाहेर काढले. "घ्या. इंजिन बरं झालं!"

गणपत हसला नाही. त्याने मला शर्टाच्या खिशात ठेवले. तिथे अंधार होता आणि त्या तेलाचा वास होता. मित्रांनो, मी सांगत होतो ते कोणाला ऐकायचे नव्हते म्हणून मला खिशात टाकले, असा राग मला यायला हवा होता. पण खिशाच्या मागे गणपतचे काळीज फार जोरात चालले होते. त्यालाही खात्री नव्हती.

त्याच दुपारी तो हंगामाचे काम पक्के करायला मच्छीमार नगरला गेला. तुळसा जाळी तपासत बसली होती. तिने उठून नेहमीसारखे केबिनचे दार उघडले आणि वर चढली. मी होतो त्या जागी भोक होते.

"गणपत, लाल डोला कुठं गेला रं?"

"वायर खराब झाली मावशे. उगाच लागायचा. काढून ठेवला."

"उगाच लागायचा का खरंच लागायचा?"

"रघु बोलला, वायर..."

"रघु बोलला! आमच्या होडीत पानी दिसला तर आमी काय डोले मिटतांव? कुठून येतंय ते बगतांव." ती खाली उतरली. "माज्या बायांची मासली रस्त्यात कुजली तर बाजारात रघु बसंल काय पाटी घेऊन?"

मागून एक बाई म्हणाली, "बसूं दे की! गिऱ्हाईक तरी येईल बगायला." सगळ्या हसल्या, तुळसाही हसली, पण तिचे बोलणे बदलले नाही.

"हे बग पोरा, माझगावचा एक टेम्पोवाला दोनदा इचारून गेलाय. मी त्याला हो बोलले नाय. नारली पुनवेला नारल टाकला की दुसऱ्या दिशी आमाला गाडी पायजे. डोला लाव, आनि तो मिटलेला मना दाखव. नायतर मी काय करू, तूच सांग."

गणपतने दुसऱ्या सकाळी ट्रक माझगावला नेला. काय पणाला लागले होते, ते त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक होते.

माझगावला नाना मिस्त्रींचे गॅरेज होते. नाना मोठ्या आवाजात बोलत आणि सावकाश काम करत. त्यांनी आधी मला खिशातून मागून घेतले आणि जागेवर बसवले. "पेशंटची जीभ कापून आणलीस आणि मला सांगतोस, बघा काय दुखतंय!"

मग त्यांनी जे केले ते मी तुम्हाला नीट सांगतो, कारण शोध असाच घ्यायचा असतो. त्यांनी चावी फिरवली, मी लागलो; मग इंजिनावरच्या त्या बटणाची वायर काढली. मी विझलो. ती वायर उघड्या लोखंडाला टेकवली. मी पेटलो. म्हणजे वायर शाबूत होती आणि रघुचे म्हणणे बाद झाले. मग त्यांनी ते बटणच काढले आणि तिथे दाब मोजणारे काट्याचे घड्याळ बसवले. थंड इंजिनात काटा बराच वर होता. इंजिन तापू लागले तसा काटा खाली येऊ लागला, आणि ते पुरते तापून हळू चालू लागल्यावर अगदी तळाला जाऊन थरथरू लागला.

"दिवा खोटं बोलत नाय," नाना म्हणाले. "दाबच नाय."

मला बरे वाटायला हवे होते. पण गणपतचा चेहरा समोर होता.

"मग काय असेल नाना?"

"बेअरिंग. झिजली असणार. फट वाढली की तेल निसटतं, दाब राहत नाय. पूर्ण इंजिन खोलायला लागेल, आणि पुनवेच्या आत ते होत नाय. खरं सांगू? एवढ्या जुन्या इंजिनावर मी स्वतः हात घातला नसता. दारूखाना जवळ आहे. ट्रक उभा आहे तसा घेतील."

गणपत गॅरेजच्या पायरीवर बसला. त्याने पिंप दारूखान्यातून आणले होते. आता ट्रक तिकडे जायचा होता.

शेवंती त्याचा डबा घेऊन आली होती. तिने सगळे ऐकले होते. डबा तिने उघडला नाही.

"नाना, एक विचारू? पावसाळ्याच्या आधी हा दिवा असा लागत होता?"

"ते तुमच्या ह्यांना विचारा."

"नव्हता लागत," गणपत म्हणाला.

"पावसाळ्यात ट्रक चालला?"

"नाय. उभाच होता."

"उभ्या ट्रकची बेअरिंग कशी झिजली?"

नाना डोके खाजवू लागले. शेवंती हळू आवाजात म्हणाली, "उभा असताना एकच गोष्ट बदलली. तेल."

गणपत ताडकन उठला. "तेलाचं नाव काढू नको, शेवंते! पंधरा वर्षं मी तेल घातलंय. चिमटीत धरून सांगतो मी तेल. असलं तेल आज बाजारात मिळणार नाय."

"चांगलंच आहे ते. माझी मशीन लोण्यासारखी चालते त्याच्यावर."

"मग?"

"मशीन तापते कुठे?"

मग नानांनी विचारले, "कसलं तेल भरलंयस रे तू?" गणपतने सांगितले. नानांनी कपाळावर हात मारला नाही. पिंपावर काय लिहिले आहे ते पाहायला मिळाले असते तर बरे झाले असते, एवढेच पुटपुटले. ते गेले आणि पत्र्याचे एक लांबट झाकण घेऊन आले. ट्रकच्या तेलाची पातळी मोजायच्या काठीवरून त्यांनी एक थेंब झाकणाच्या एका कडेला टाकला आणि गॅरेजमधल्या इंजिन तेलाचा एक थेंब शेजारी. झाकण तापलेल्या इंजिनावर ठेवले आणि थोड्या वेळाने त्याच कडेने उचलले. गिरणीचा थेंब पाण्यासारखा धावत खाली गेला. दुसरा थेंब सावकाश निघाला आणि मागे आपला थर ठेवत गेला.

गणपतने बोट पुढे केले. नाना म्हणाले, "भाजेल." तरी त्याने त्या पहिल्या थेंबाला बोट लावले आणि अंगठ्यावर चोळले. गिरणीत त्याने हजारो वेळा हेच केले होते, पण तिथे तेल कधी इतके तापत नसे. चाती हलकी असते, तिला पातळच तेल लागते. इंजिनाचे ओझे वेगळे, त्याची धग वेगळी. तो पुन्हा पुन्हा बोट चोळत राहिला.

"काय नाय राहिलं बोटावर," तो शेवटी म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "तेल चांगलं आहे. पण हे चात्यांचं आहे."

शेवंतीने मान हलवली. तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिले, आणि मला वाटते, गिरणी बंद झाल्याचे त्याने पहिल्यांदा त्या वेळी मानले.

अजून एक भीती होती. या पातळ तेलावर ट्रक थोडा चालला होता, त्यात बेअरिंग खरेच घासली असती तर? नानांनी खालचा बोल्ट काढला आणि तेल एका पांढऱ्या तसराळ्यात घेतले. धातू झिजला असेल तर तेलात चकाकी दिसते. तिघेही तसराळ्यावर वाकले. नानांनी ते उन्हात नेऊन इकडे-तिकडे तिरके केले.

"चमक नाय," ते म्हणाले. "वेळेवर आलास. तो दिवा खिशात ठेवून महिनाभर फिरला असतास, तर मग खरंच दारूखाना होता."

इंजिनात योग्य तेल भरले गेले. माझे बटण पुन्हा बसले. गणपतने चावी फिरवली आणि मी लागलो. इंजिन सुरू झाले आणि मी विझलो. पण ही परीक्षा नव्हती. इंजिन तापू द्यायचे होते. शेवंती केबिनमध्ये येऊन बसली आणि तिने डबा उघडला. दोघे भाकरी खात माझ्याकडे पाहत होते. इंजिन तापले, पुरते तापले, हळू हळू फिरत राहिले. गणपत घास हातात धरून थांबला.

मी विझलेलाच राहिलो.

"खा आता," शेवंती म्हणाली.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तुळसा केबिनमध्ये चढली. तिच्या केसांत आदल्या दिवसाची फुले होती. चावी फिरली, मी लागलो, मी विझलो. ती काही क्षण माझ्याकडे रोखून पाहत बसली. मग मला दाखवून गणपतला म्हणाली, "ह्यो तुज्यापेक्षा खरा बोलतो," आणि मागे वळून बायकांना हाक मारली, "चला गो, चढा!"

मित्रांनो, त्यानंतर तो ट्रक कितीतरी हंगाम चालला. गणपतने नानांच्या मदतीने दुरुस्तीही शिकून घेतली. इंजिन तेलाचा प्रत्येक नवा डबा तो चिमटीत धरून पाहायचा, आणि आता तापवूनही पाहायचा. रघु मात्र अजून सांगतो, की वायरिंगही जरा खराब होतेच.

आणि त्या पिंपाचे काय झाले? गणपत ते परत भंगारात द्यायला निघाला होता. शेवंतीने ते दिले नाही. संपानंतर करी रोडच्या चाळींत घरोघरी शिवणयंत्रे आली होती. गिरणीत कापड विणणाऱ्या घरांतल्या बायका आता कापड शिवत होत्या. शेवंतीने सगळ्यांना सांगून पाठवले. बायका आपापल्या बुधल्या घेऊन आल्या, आणि गणपत पिंपाजवळ बसून प्रत्येकीची बुधली भरत गेला. भरून झाली की विचारायचा, "कुठे कुठे घालता? दाखवीन येऊन." आणि खरेच जायचा. चाळीतल्या लांबलचक गॅलरीतून दुपारी यंत्रांचा आवाज यायचा, आणि तो ऐकत ऐकत जाणारा गणपत एखाद्या दारापाशी थांबून म्हणायचा, "वहिनी, तुमची कोरडी चाललीय." गिरणीत तो असाच चात्यांमधून फिरायचा, असे शेवंती सांगते.

ट्रक म्हातारा होऊन थांबला तेव्हा गणपतने स्वतः मला हलक्या हाताने काढले. या वेळी खिशात लपवण्यासाठी नाही. घरी आणून त्याने मला शेवंतीच्या हातावर ठेवले, आणि तिने मला या खणात जागा दिली.

मित्रांनो, तुमच्या घरात, गाडीत, यंत्रात माझ्यासारखा एखादा दिवा लागला तर त्याच्यावर रागावू नका. त्याला काढून ठेवू नका, की चिकटपट्टीने झाकू नका. तो शत्रू नाही आणि तो भविष्यही सांगत नाही. आत काहीतरी बदलले आहे, एवढेच तो सांगतो. काय बदलले, ते तुम्ही शोधायचे. शोधताना आपल्याला सगळ्यांत आवडती, सगळ्यांत खात्रीची वाटणारी गोष्टसुद्धा तपासून पाहायची. आणि ती चुकीची निघाली, तर फेकून देण्याआधी ती कुठे बरोबर आहे तेही पाहायचे.

दुपार झाली आहे. आता शेवंती खण उघडेल. ती बुधली उचलेल, मशीनला दोन थेंब देईल आणि बुधली पुन्हा माझ्याजवळ ठेवेल. त्या तेलामुळे मी एकदा पेटलो होतो. आज आम्ही दोघे एकाच खणात राहतो, आणि मशीनच्या आवाजावरून सांगतो, तेल अगदी बरोबर आहे.